वर्गणीतला गेम आणि वाडीच्या चाव्या

आमच्या वाडीत माणसं कमी आणि कुलपं जास्त. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला जाणाऱ्या एसटीतून उतरायचं, अर्धा तास चढायचं, की घरं दिसायला लागतात, आणि बहुतेक घरांची दारं बंद. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर येतात, वाडी चार दिवस गजबजते, आणि निघताना जो तो आपल्या घराची चावी माझ्या आईच्या हातावर ठेवून म्हणतो, जरा लक्ष असू द्या. त्या 'जरा'मध्ये काय काय येतं हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. दर पंधरवड्याला घर उघडायचं, झाडायचं, देवापुढे दिवा लावायचा, पावसात कुठे गळतंय ते बघून खाली टोप ठेवायचा, ऊन पडलं की गोधड्या बाहेर काढायच्या, वाळवीचा माग खरवडायचा, आणि कुलपात खोबरेल तेलाचा थेंब सोडून ते परत लावायचं. आईच्या चुलीमागे खिळ्यावर चाव्यांचा झुबका असे. चावीला नाव नाही, नंबर नाही. प्रत्येकीला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. वडील गेल्यापासून ती तिथे एकटीच. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हापासून तिला म्हणत होते की ये माझ्याकडे, आणि तिचं उत्तर ठरलेलं: "आनि चाव्या कुनाला देऊ?"

त्या उत्तराचा मला राग यायचा. इतका, की त्या रागातून मी एक गेम केला. मी चित्रं काढली आणि वर्गातल्या एका मित्राने कोडिंग केलं. नाव ठेवलं 'राखण'. एक बाई, एक वाडी, सात बंद घरं आणि पाऊस. खेळणाऱ्याने घरं उघडायची, सगळं आवरायचं, परत लावायची. बाईला एसटीच्या रस्त्याकडे नेलं तर ती वळणापर्यंत जाते; तिथे तिला काहीतरी आठवतं, कुणाची खिडकी उघडी राहिलीय, कुणाच्या पडवीत पाणी शिरलं असेल, आणि तिचे पाय आपोआप मागे फिरतात. बाहेर पडायची सोयच ठेवली नव्हती. गेम कॉम्प्युटरवर आला आणि गेला. ओळखीच्यांनी भिडेखातर घेतला. एका अनोळखी माणसाने अभिप्राय लिहिला की वळणावर गेम अडकतो, पुढे जाता येत नाही, दुरुस्त करा. मित्र त्यावर पोट धरून हसला होता. मला काही हसू आलं नाही.

मग एका पावसाळ्यात आई तापाने फणफणली आणि चार दिवस घरात पडून राहिली. मला कळलं पाचव्या दिवशी. तिला खाली आणायला गेले तर म्हणाली, आता बरं आहे, आणि शेवटच्या दोन घरांत जायचं राहिलंय. तेव्हा मीच पुणं सोडलं. महाडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. दर आठवड्याला वर जायचं, तिला औषधं द्यायची, भांडायचं आणि खाली यायचं. ती वाडीत अडकलेली, आणि तिच्यामुळे मी महाडात. गेममधली बाई निदान मी बंद करून ठेवू शकत होते.

अशी काही वर्षं गेल्यावर मित्राचा फोन आला. परदेशातल्या कुणीतरी 'राखण' खेळून त्यावर लांबलचक व्हिडिओ केला होता, आणि लोक विचारत होते की हा मोबाइलवर का नाही, टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर का नाही. मित्र म्हणाला, आपण लोकांकडूनच पैसे उभे करू, चित्रं नव्याने करू, सगळीकडे आणू. आणि गेम चालला तर पुण्यात एक खोली घेऊन पुढचा गेम करू. "आईला पण घेऊन ये," तो म्हणाला. हे त्याने सहज म्हटलं, पण माझा मात्र त्यावर जीव अडकला. आई खाली येईल, मी पुण्याला जाईन, पुन्हा माझं काम करीन. मला आयुष्यात एवढं एकच हवं होतं, असं मी तेव्हा म्हटलं असतं आणि ते खोटं नव्हतं.

लोकांकडून पैसे जमवणाऱ्या त्या वेबसाइटचा नियम सरळ होता: ठरवलेली रक्कम ठरल्या मुदतीत जमली तर मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत. मित्राने तिथे झोकात लिहिलं, या वेळी गेमला नवा शेवट असेल. परदेशातल्या लोकांना तेच हवं होतं. बाईला सोडवा, असं प्रत्येक जण लिहीत होता. सुरुवात चांगली झाली आणि अर्ध्यावर गाडं रुतलं. मुदत संपत आली तशी माझी झोप उडाली. आणि घायकुतीला येऊन मी ती लिंक आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. बघा आणि पुढे पाठवा, एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुंबई मंडळाचे चिटणीस फोनवर. हा गृहस्थ देवळाच्या पत्र्यापासून गणपतीच्या बसपर्यंत सगळं बघतो. हे कशाचं काम आहे, देवळाचं का, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं की गेम आहे, आपल्या वाडीवर, आईवर. ते म्हणाले, "मंग ते गावकीचंच झालं की." मी हसून हो म्हटलं. तिथेच फसले.

कारण आमच्याकडे मनाला येईल तसं द्यायची पद्धतच नाही. पैसे काढायचे म्हणजे दर घरामागे सारखे. जास्त दिले तर मिजास, कमी दिले तर नाचक्की, आणि नाही दिले तर देवळात तुम्हाला कोण बसायला सांगणार? चिटणिसांनी आकडा ठरवला, ग्रुपवर टाकला, आणि ज्यांना गेम म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांनीही आठ दिवसांत भरले. मुदत संपायच्या आत रक्कम पुरी झाली. मी ढसाढसा रडले. मित्र म्हणाला, तुझी माणसं भारी आहेत. मलाही तसंच वाटलं. साधारण पंधरा दिवस वाटलं.

मग फोन सुरू झाले. ज्याने वर्गणी भरली त्याला बैठकीत बोलायचा हक्क, हा आमचा दुसरा नियम, आणि तो मी विसरले होते. सातच घरं का, आमचं कुठाय? एकाला घराचा नवा रंग दाखवायचा होता, एकाला ओट्यावर बसलेले त्याचे वारलेले वडील हवे होते, आणि त्यासाठी त्याने त्यांचा लग्नातला सूटबूट घातलेला फोटो पाठवला. देवळाच्या जुन्या कौलांवरून तर दोन दिवस वाद झाला, कारण आता पत्रे आहेत आणि ते कुणाच्या पुढाकाराने आले हे जगाला कळायला नको का. मी सगळ्यांची घरं गेममध्ये घातली. त्याचे वडीलही ओट्यावर बसवले. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

पण चिटणिसांचा निरोप आला तेव्हा मात्र मी हादरले. शेवट बदलायचा नाही. बाई घरं सोडून निघून गेली असं दाखवलं तर बरं दिसणार नाही, म्हणाले. "आनि मंग घरं कोन बगनार?" ते गेमबद्दल बोलत होते की माझ्या आईबद्दल, हे मला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नसेल. इकडे परदेशातले लोक विचारत होते, बाई कधी सुटणार. मित्र रोज म्हणे, काहीतरी ठरव. मी काही ठरवू शकत नव्हते. ज्यांच्या पैशावर गेम उभा होता ते दोन्ही गट दोन टोकांना, आणि मी मधल्या मध्ये.

त्यात शिमगा आला. तोवर ग्रुपवर नव्या गेमची अर्धीमुर्धी प्रत फिरली होती. ज्यांनी इतकी वर्षं आपली चावी स्वतःच्या खिशात ठेवली होती, भावकीतल्या वादामुळे कधी आमच्या उंबऱ्यालाही शिवले नव्हते, तेही या वेळी आईकडे आले आणि चाव्या देऊन गेले. तुमचं नाव झालं, तुमच्याइतकं कोण सांभाळणार, असं म्हणत. एकाने तर प्लायवूडची फळी आणून तिला ओळीने हुक लावून दिले. मी त्या फळीवरचे हुक मोजले. आईला सोडवायला निघाले होते, आणि माझ्या हातांनी तिच्या गळ्यात दुप्पट ओझं घातलं होतं. आई नव्या चाव्यांना चिंध्या शोधत बसली.

तिने गेम खेळला तो त्यानंतर. मी वर गेले की माझा मोबाइल घेऊन ओट्यावर बसे. चष्मा नाकावर, एक बोट वर उचललेलं, आणि एकेक घर उघडून बघे. कौतुकाचा शब्द नाही. मधेच म्हणे, या पडवीत पाणी डावीकडून येतं, तू उजवीकडून घातलंस. मी दुरुस्त करून नेई. ती पुन्हा तपासे. वळणापर्यंत कितीदा गेली, मागे फिरली, त्यावर तिने काही विचारलं नाही, आणि मीही मुद्दाम विषय काढला नाही.

गणपतीत देवळात बैठक भरली. सगळे मुंबईकर आलेले. आधी मागच्या कामांच्या अहवालाचं वाचन, मग आईचा सत्कार. शाल, नारळ. चिटणिसांनी भाषण केलं, त्यात वाडीचं नाव परदेशात गेलं हे तीनदा आलं. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. आमच्या बायका अशा वेळी हात जोडून खाली बसतात. आई उभी राहिली आणि शाल नीट घडी करून काखेत घेतली.

"मी आता खाली जानार, महाडला," ती म्हणाली. "गुडगं चालत नायत."

इतक्या वर्षांनी ती हे म्हणत होती, आणि चारचौघांत म्हणत होती. चिटणिसांनी विचारलं, "आनि चाव्या, काकू?"

"हिला द्या," आई म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. "हिला समदं ठाव हाय. कुठलं दार खालनं उचलायचं, कुनाच्या पडवीत पानी कुठनं येतं, समदं हिनं गेमात घातलंय. मी सोता तपासलंय. तुमची वर्गनी काय फुकट नाय गेली."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते, प्रत्येकाने मोबाइलवर आपापलं घर बघितलं होतं. कुणीतरी म्हणालं, महाड कुठं लांब आहे, शनिवार-रविवार येईल पोर. चिटणिसांचा चेहरा उजळला. ती फळी देवळातच आणली होती, सत्काराच्या वेळी दाखवायला.

मी नाही म्हणू शकले असते असं आजही मनाशी म्हणते. पण नाही म्हटलं असतं तर आई पुन्हा त्या चुलीमागे गेली असती, आणि त्या सगळ्यांचे पैसे माझ्या अंगावर होते. मी हात पुढे केला.

आई आता महाडला माझ्याकडे असते. सकाळी बाजारात जाते, मासळीवाल्या बायांशी घासाघीस करते, शेजारणीबरोबर मालिका बघते. मला इतकी हसरी आई लहानपणापासून आठवत नाही, आणि ते बघून मला बरं वाटतं हे खरं आहे. शनिवारी मी निघाले की फक्त तेलाची बाटली घेतली का ते विचारते. पुण्यातली खोली मित्राने घेतली, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन. काही महिने तो मला कधी येतेस विचारत होता, मग विचारेनासा झाला. एकदा वरून भिजून आले, दोन घरांत वाळवी निघाली होती, आणि मी आईवर ओरडले की तू मला अडकवलंस. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही.

"माज्या हातात सासूनं चाव्या दिल्या तवा मला कुनी इचारलं व्हतं?" ती म्हणाली. "तू निदान शिकून घेतल्यास गो."

मी भांडायचं सोडून पाटावर बसले. भाकरी गरम होती, भूकही लागली होती.

गेमचा शेवट मी त्या पावसाळ्यानंतर केला. आता बाईला वळणापलीकडे जाता येतं. तिथे कुणीतरी उभं असतं, बाई चाव्या त्याच्या हातात देते, आणि चालत राहते, एसटी येते, गेम संपतो. चिटणिसांना पसंत पडला, कारण घरं वाऱ्यावर सुटत नाहीत. परदेशातले लोक तर फारच खूश झाले. अजून त्यांची पत्रं येतात, कुणी लिहितं की शेवट बघून रडलो, कुणी म्हणतं की बाई सुटली हे बघून आमचाच जीव सुटला. मी ती पत्रं शनिवारी एसटीत वाचते. चाव्या कुणी घेतल्या, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.