खाली शुभेच्छुक म्हणून मी

तळेगावात माणसाचं काहीही झालं तरी त्याचा फ्लेक्स लागतो. वाढदिवस आला, पोरगी दहावी पास झाली, सोसायटीच्या कमिटीवर निवड झाली, की चौकात विजेच्या खांबाला फ्लेक्स. वर ज्याचं कौतुक त्याचा मोठा फोटो, बाजूला पुढाऱ्यांचे मध्यम, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट साइज चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत आपला चेहरा यावा म्हणून लोक भांडतात. पूर्वी हे मी हसत सांगायचो. आता सांगत नाही, कारण आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मी अशाच एका फ्लेक्सवर गॉगल लावून केली आहे.

आम्ही अठराजण एका इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. बहुतेक सगळे एमआयडीसीत कामाला, एक शाळेतले पीटीचे सर, आणि ज्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही मॅच बघायचो तो मोबाइल दुरुस्तीवाला मित्र. त्याच्या वडिलांपासून ते दुकान स्टेशन रोडला आहे. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा आणि गणपतीला आमचे मोदक, असं आमचं जुनं. आमच्यापैकी कुणीही इंग्लंड पाहिलेलं नाही. पण शनिवारी पहिली शिफ्ट संपली की जर्सी चढवून सगळे त्या खोलीत हजर. क्लब वर्षानुवर्षं हरायचा. जुना मालक इतका चिकट, की बरा खेळाडू हाती लागला की विकून मोकळा. आम्ही त्याला आंदर मावळातल्या शिव्या घालायचो आणि त्याला त्या कळत नव्हत्या हे त्याचं नशीब.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली, की आखातातल्या एका देशाच्या राजघराण्यानं क्लब विकत घेतला. खोलीत पेढे वाटले. देश कोणता, ते मी बातमीच्या पहिल्याच ओळीत वाचलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरेच दिवस वेड पांघरून पेडगावला गेलो.

फ्लेक्सची कल्पना माझी, मजकूरही माझा. इंटरनेटवरून तिथल्या राजाचा फोटो काढला, पांढरा झगा, गालात हसू, आणि वर लिहिलं, ‘हार्दिक अभिनंदन! आमच्या क्लबचे आधारस्तंभ, मा. राजेसाहेब.’ पीटीच्या सरांनी ‘दानशूर’ घालायला लावलं. आम्ही पोट धरून हसलो. थट्टाच होती, पण निम्मी. उरलेल्या निम्म्यात आम्हाला तो खरंच दानशूर वाटत होता. खाली आमचे सतरा चेहरे. मोबाइलवाल्यानं फोटो दिला नाही. दुकान आहे, चार तऱ्हेची माणसं येतात, म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटलं.

आता दादाबद्दल. दादा म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आंदर मावळातल्या गावात आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच. एसटी आली तर दिवसातून दोनदा, म्हणून शाळेला पायी जाताना ओढ्यातून मला खांद्यावर न्यायचा तो. पुढे वेल्डिंग शिकला आणि आखातात गेला. त्याच देशात. उतरल्या दिवशी कंपनीनं पासपोर्ट काढून घेतला. एका खोलीत दहाजण, आणि भर उन्हात लोखंडावर काम.

फ्लेक्सच्या आदल्या कार्तिकात, भाताची कापणी चालू असताना त्याचे वडील, माझे चुलते, शेताच्या बांधावरच गेले. दादानं घरी जायला पासपोर्ट मागितला. काम अर्धवट आहे, मिळणार नाही, असं उत्तर आलं. मालकाच्या परवानगीशिवाय कामगारानं देश सोडायचा नाही, हा तिथल्या राजाचाच कायदा. तो ऑफिसच्या दारात जाऊन बसला, तर रखवालदारानं दंडाला धरून उठवलं.

शेवटी अग्नी मी दिला. पोटचा मुलगा धडधाकट जिवंत, आणि मडकं पुतण्याच्या खांद्यावर. दादाला दिसावं म्हणून त्याच्या मेहुण्यानं मोबाइल धरला होता. आमच्याकडे रेंज असते टेकडावर आणि स्मशान आहे ओढ्याकाठी. चित्र तिरडीवरच अडकलं, पुढचं त्याला काही दिसलं नाही. दहाव्याला आणि तेराव्याला मीच बसलो. चुलतीनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग तिला रडू आवरेना.

हे सगळं मला माहीत होतं. ज्या हातानं मडकं धरलं त्याच हातानं सहा महिन्यांनी मी ‘दानशूर’ टाइप केलं. याला विसरणं म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

फ्लेक्स लागल्यावर आठवड्याभरात दादा आला. कंत्राट संपलं तेव्हा कुठे पासपोर्ट हातात पडला. मुंबईला विमानातून उतरून, लोणावळ्याहून लोकलनं तो तळेगावला आला, मी घ्यायला गेलो. मोटरसायकल चौकात लावली होती. त्या फ्लेक्सखालून मी रोज दोनदा जात होतो, त्यामुळे तो मला दिसेनासा झाला होता. दादाला दिसला. बॅग खाली न ठेवता तो उभा राहिला आणि तलाठी कार्यालयातली नोटीस वाचावी तसं वरपासून वाचू लागला.

“ह्याचा फोटू आमच्या मेसमदी व्हता,” तो म्हणाला. “जेवाया बसलं का समूर. त्याच्याकडं पाट करून बसायचं न्हाई, असा नेम व्हता.”

मग खालच्या रांगेत त्याला मी सापडलो. बराच वेळ बघत राहिला.

“तुजा फोटू ब्येस आलाय,” म्हणाला.

त्यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणालो, दादा, लक्षातच आलं नाही रे. वर शहाणपणा केला, की तुझी कंपनी वेगळी, राजा वेगळा, आणि खेळ तर त्याहून वेगळा. गावापर्यंतच्या खाचखळग्यांच्या रस्त्यात त्यानं माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची कडी धरून बसला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, की फ्लेक्स उतरवू. सगळे माझ्यावर तुटून पडले. खेळात राजकारण आणू नको. सगळे मालक सारखेच. आपल्याकडे कामगारांना काय सोन्याच्या ताटात वाढतात? पीटीच्या सरांनी लिहिलं, पुरावा आहे का? याच माणसानं मागे लोणावळ्याच्या बाजूला कुणा शेठनं गावाची पाणवठ्याची वाट कुंपणात घातली, तेव्हा जेसीबीसमोर आडवं पडून पोलिसांचा मार खाल्ला होता. इथल्या शेठचं कुंपण दिसतं आणि तिथल्या राजाचं दिसत नाही, कारण तिथला राजा आपल्याला स्ट्रायकर आणून देतो. पुरावा माझ्या चुलतीच्या ओसरीवर बसला होता. कुणी बघायला आलं नाही.

मोबाइलवाल्याला मी तावातावानं म्हटलं, तू तरी बोल. तो शांतपणे म्हणाला, की त्याचा मामा तिथेच बारा वर्षं होता आणि त्याच पैशांतून हे दुकान वाढलं. मालक बघून जीव लावायचा तर आपल्या क्रिकेटच्या स्पर्धांना बक्षीस देणाऱ्या बिल्डरांचं काय करायचं? त्याचं खरं होतं. पण मला त्याचाही राग आला, कारण त्याला हे सगळं माहीत असून त्यानं फक्त स्वतःचा फोटो वाचवला, माझा नाही.

मी शिफ्टला जाताना कटरनं दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स उतरवला. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या राजाला आमचा पैसा नको होता. पैसा त्याच्याकडे मुबलक आहे. त्याला हवी होती आमची टाळी. त्याचं नाव निघालं की जगभर लोकांना क्लब आठवावा, कामगारांचे पासपोर्ट कोंडलेलं कपाट नाही. पूर्वीचे भाट राजाची स्तुती करायचे तेव्हा बिदागी तरी घ्यायचे. आम्ही फुकट केली. वर्गणी काढून केली, जीएसटी भरून केली. आणि मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग कधी येतो, तर शनिवारी. बोट आपोआप स्कोअरकडे जातं. क्लब आता जिंकतो, आणि जिंकला की क्षणभर बरं वाटतं.

दादा गावातच राहिला, शेती बघू लागला. मी गेलो की चहा द्यायचा, पिकापाण्याचं बोलायचा, आणि पाहुण्याशी बोलावं तसं मला ‘या, बसा’ म्हणायचा. लहानपणापासून माझ्या पाठीत धपाटा घालून बोलणारा माणूस. त्यापेक्षा त्यानं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षश्राद्धाला सगळे जमले. खळ्यावर नवं भात पडलं होतं. गुरुजींनी विचारलं, अग्नी कुणी दिला? ज्यानं अग्नी दिला त्यानंच वर्षाचं करायचं, म्हणून म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि वर्षभराच्या सवयीनं मी पाटावर बसलोही. गुरुजींनी बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. दादा समोर हात बांधून उभा होता. खाली वाकून त्यानं हळूच विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं.

“त्या फोटूच्या टायमाला तुला म्हाईत व्हतं का न्हवतं?”

लक्षात आलं नाही, हे वाक्य तोंडात तयार होतं. सहा महिने मी तेच सगळ्यांना सांगत होतो.

“माहीत होतं,” मी म्हणालो.

“मंग ऊट. फुडचं मी करतो.”

त्यानं माझ्या बोटातलं पवित्रक काढून स्वतःच्या बोटात घातलं. मी उठलो. म्हातारे कौतुकानं माना हलवू लागले, की बघा, चुलतभावानं कशी मनानं जागा दिली. एकानं तर माझी पाठ थोपटली. ती जागा त्याचीच होती, आणि ज्यानं ती अडवून धरली होती त्याचं मी चौकात अभिनंदन केलं होतं, हे तिथल्या एकालाही सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी त्यांची शाबासकी घेतली आणि मागे जाऊन बसलो.