इरण्णाची तीन टिंबं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. तरी हे लिहितोय, कारण या प्रकाराला आमच्याकडचे लोक ‘चमत्कार’ म्हणून हात जोडतात आणि माझं डोकं फिरतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सोलापुरात भवानी पेठेजवळ इंग्रजांच्या काळातला ओतकामाचा कारखाना होता, यंत्रमागांचे सुटे भाग ओतणारा. मालकानं तो बंद केला. शेड पाडणार होते... आम्ही कामगारांनी सहकारी संस्था काढून ती वाचवली. दगडी भिंती, धुराडं, भट्टी सगळं जागच्या जागी ठेवून आत गाळे पाडले, सभासदाला एकेक; ओतकाम सगळ्यांचं मिळून.

शेड वाचवायला सगळ्यात जास्त कोण झिजलं? वाळूचे साचे करणारा इरण्णा. पाडायला माणसं आली तेव्हा हा दारात आडवा पडला होता! पण गाळे वाटताना संस्थेचे चेअरमन म्हणाले, “इरण्णा बदली कामगार. नियमात बसत न्हाई.”

वीस वर्षं गैरहजर माणसाच्या जागी रोजावर राबला, तरी बदलीच! मी भांडलो. एकट्याचं कोण ऐकतंय? चार महिन्यांत इरण्णा काविळीनं गेला.

त्यानंतरच्या पहिल्याच ओतकामाला आम्ही साचे फोडले, तर ओतलेल्या प्रत्येक चाकाच्या कडेला तीन टिंबं वर आलेली. इरण्णाची खूण! साचा बंद करण्याआधी तो वाळूत बोटानं तीन खळगे दाबायचा.

“तूच केलंस,” चेअरमन माझ्यावर उखडले. “लई पुळका हाय की तुला त्याचा.”

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळ्यांना उभं केलं. साचा चेअरमननीच भरला, आतून हात फिरवला — वाळू गुळगुळीत. मी दहा हात लांब. ओतलं, निवलं, त्यांनीच फोडलं.

तीन टिंबं.

कुणीतरी पुटपुटलं, “शांत करून घिऊ.” दुसरा म्हणाला, “घासून टाका की.”

“जित्तेपणी हक्क दिला न्हाई, आता खूण बी पुसता व्हय?” मी ओरडलो.

मी इरण्णाच्या बायकोला, गौरव्वाला घेऊन आलो. ती आमच्याकडंच वाळू चाळायची. चाकावरच्या टिंबांवर तिनं तळवा ठेवला. मग म्हणाली, “पूजाबिजा नगं. गाळा द्या. साचं मला येतंय, त्येंनीच शिकीवलंय.”

संस्थेनं लगेच दिला. ठरावात लिहिलं — ‘दयाबुद्धीनं’. सही करताना तो शब्द मी खोडला.

पुढं टिंबं उमटली ती गौरव्वानं स्वतः दाबलेलीच. वाळूत हवा अडकली असेल, असं सांगणारे शहाणे भेटले. अहो, हवेनं लोखंडात खड्डा पडतो, टिंब वर येत नाही! काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. पण जिवंत माणसाचं ज्यांना पटलं नाही, त्यांना लोखंडाचं लगेच कसं पटलं... हे तर त्याहून कळत नाही.