भरलेल्या बॅटरीची पंचाईत

डुगडुगमामांना हे नाव जुन्या डिझेल इंजिनामुळे पडलं. इंजिन भंगारात गेलं, बोट विजेची झाली, मामा मात्र डुगडुगच राहिले. एकतीस वर्षं एकच फेरी: या काठावरून त्या काठावर.

त्या काठावर, ऐंशी पायऱ्या चढून गेलं की त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर. ताईला आता दिसत नव्हतं. पण बोट अर्ध्या पाण्यात असतानाच तिला इंजिन ऐकू यायचं आणि काठी टेकत ती मधल्या कठड्यापर्यंत उतरायची. त्याखाली उतरणं तिला जमत नसे. मामांना बोट सोडता येत नसे. थांबा दहा मिनिटांचा. वरून ती ओरडायची, खालून हे. भेट म्हणायची ती एवढीच.

विजेची बोट आली ती मुकी. चार दिवस कठडा रिकामा. मामांना अन्न गोड लागेना. फोन केला, तर "काय झालं? कोण गेलं?" म्हणून ताईच हादरली.

मग मामांना युक्ती सुचली. बॅटरी चार्ज करायला बोटीवर दोन जनरेटर होते. बॅटरी निम्मी रिकामी असली की ती हावरटासारखी वीज ओढते आणि जनरेटर बोंब ठोकतात. नव्वद टक्क्यांपुढे गेली की नाक मुरडत एकेक घास घेते आणि जनरेटर नुसते कुजबुजतात. म्हणून मामा बॅटरी मुद्दाम अर्धपोटी ठेवून निघायचे आणि ताईच्या धक्क्यावर दोन्ही जनरेटर लावायचे. ताई हजर!

त्या सोमवारी घात झाला. नव्या चार्जिंगच्या खांबाला टेकून मालकाचा इलेक्ट्रिशियन ऐटीत उभा.

"मामा, फुल्ल केलीय! शंभर टक्के! हे दोन भोंगे आता काय कामाचे? संध्याकाळी उतरवतो."

"उतरव बाबा. माझं काय जातंय?"

बॅटरी उतरावी म्हणून वाटेत मामांनी बोट अशी पिटाळली की एका बाईंनी विचारलंच, "मामा, मुहूर्त टळतोय का कुणाचा?" तरी धक्क्याला लागताना आकडा त्र्याण्णव. जनरेटर लावले. घुर्रर्र... जेवून झोपलेलं मांजर जसं. कठडा रिकामा. चार मिनिटं गेली.

मामांनी चहाची मोठी विजेची किटली काठोकाठ भरून एका जनरेटरला जोडली, दुसऱ्याला बोट धुवायचा पंप. तेव्हा कुठे दोघांनी घसा मोकळा केला.

वर दार करकरलं. आधी काठी दिसली, मग ताई.

"आज आवाज बसलाय का रे तुझा?"

"उद्यापासून येणारच नाही गं. जनरेटर काढतायत."

ताईने काठी कठड्यावर ठोकली. मग म्हणाली, "लहानपणी तोंडाने मोटार चालवायचास. आई कान धरून बाहेर काढायची. विसरलास?"

"अगं, माणसं आहेत बोटीत!"

"असू देत की."

वेळ झाली. मामांनी जनरेटर बंद केले, दोर सोडला. साठी उलटलेल्या माणसाने खाकरून घेतलं.

"डुग्... डुग् डुग्... डुगडुगडुग..."

बोटीत खसखस पिकली. मघाच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. मामा थांबले नाहीत. कठड्यावर ताईने मान तिरकी करून कान पाण्याकडे दिला होता. अर्ध्या पाण्यात मामांचा घसा सुकला, ताई बोटाएवढी झाली, तरी तशीच उभी. एवढ्या लांबवर तिला ऐकू जातंय का, हे विचारायची काही सोय नव्हती. मामांनी आवाज आणखी चढवला.