गवा, रानपिंगळा आणि गुल्हाने सर

तो मंगळवार होता. सकाळी साडेदहा वाजता वलगावच्या माझ्या दुकानात मी एका पाटीवर पांढऱ्या रंगाचा दुसरा हात देत होतो. तेव्हा प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक गुल्हाने सर पाट्यांच्या मजकुराच्या दोन चिठ्ठ्या आणि धोक्यातल्या प्राण्यांची एक नवी यादी घेऊन आले. आमची ती पहिली ओळख.

सेमाडोहच्या जंगलात शाळांच्या सहलींसाठी दोन पाट्या हव्या होत्या: एक गव्याची, एक रानपिंगळ्याची. एक सस्तन, दुसरा पक्षी. गण वेगळा, कुळ वेगळं. "पन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघं शेजारी," सर हसून म्हणाले. लॅटिन नावांचं अक्षर चुकू नये म्हणून त्यांनी यादी ठेवून घ्यायला सांगितली.

मी दहावी नापास. त्यामुळे प्रत्येक अक्षर दोनदा ताडून पाहतो. गव्याची श्रेणी 'असुरक्षित', ती दोन्हीकडे जुळली. रानपिंगळ्यापुढे मात्र चिठ्ठीत 'अतिसंकटग्रस्त' आणि यादीत नुसतं 'संकटग्रस्त' होतं. प्राध्यापकांची चूक मी कशी काढावी? काम हातचं जाईल ही भीती होती. दोन दिवस ती ओळ कोरीच ठेवली.

सर आले. "हे काहून सोडलं रे?"

मी यादीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"इतकी वर्सं मी पोरांले जुनंच सांगून राहिलो! अरे, हा आनखी जंगलांत सापडला, म्हनून श्रेणी बदलली. तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं, सर. पन पोरं पाटीवरूनच वहीत उतरवतात."

सेमाडोहला पाट्या लागल्या तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही ओळ यांनी दुरुस्त केली."

"पेंटरनं?" मजकूर तपासणाऱ्यांपैकी एक शिक्षक हसले.

"हो. चिठ्ठी आधी आपन चौघांनी वाचली होती. कोनाले दिसलं?"

मला 'यांनी' म्हणणारे ते पहिलेच. नंतर सरांच्या पत्नीनं, काकूंनी, डब्यातली पहिली भाकर मला वाढली. तेव्हापासून सरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर वर लिहिलेलं असतं: 'आधी तपासा, मग रंगवा.' त्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत.

आज सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे जंगल तुडवण्याइतके शाबूत राहोत, नजर स्वच्छ राहो. रानपिंगळा संकटातून पूर्ण बाहेर आल्याची बातमी त्यांनी स्वतः माझ्या दुकानात आणावी, एवढं निरोगी आयुष्य त्यांना लाभो.