समोर कोण राहतं?

आई आजही दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी मेथी निवडत बसली आहे. पुढ्यात परात, समोर लिफ्ट. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, की तिचे हात थांबतात आणि मान वर होते. बाहेर पडणारा माणूस मोबाइलमध्ये बघत आपल्या दाराशी जातो, कुलूप काढतो, आत जातो. आई पुन्हा पानं खुडू लागते.

गावी तिची भाजी अशीच दारात निवडून व्हायची. येताजाता कुणीतरी शेजारीण टेकायची आणि गप्पांच्या नादात अर्धी जुडी निवडून द्यायची.

पुण्यात भाड्याने घर शोधताना आम्ही तिलाही बरोबर न्यायचो. मी नळ सोडून बघायची, नवरा पार्किंग बघायचा. आई प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची, "समोर कोण राहतं?" एका जुन्या सोसायटीत समोरच्या बाईंनीच दारातून विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?" आई तिथेच रमली. मला मात्र त्या चौकशा नकोशा वाटल्या. इथे एजंट म्हणाला, "मावशी, इथे कुणाचा कुणाला त्रास नाही," आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. पाण्याचा जोर बघता येतो, ऊन कुठून येतं ते बघता येतं. कोण येऊन टेकेल, हे बघायचं मला सुचलंच नाही.

आत्ता गावाहून मामीचा फोन आलाय. फोन खांद्याशी धरून, लिफ्टकडे बघत आई सांगतेय, "घर छान आहे गं. कुणाचा काही त्रास नाही."