उशिरा लागलेली झोप

आमच्या इमारतीत नवीन माणूस राहायला आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नवव्या मजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसतात त्या आजी कोण? जानेवारी असो की मे, सुमनकाकी तिथेच असायची. मानेवर ओला पंचा, पदर कमरेला खोचलेला, तोंड जिन्याच्या खिडकीकडे. कुणी काळजीने "आजी, थंडी नाही वाजत?" असं विचारलंच तर ती मान न वळवता म्हणायची, "तुझी थंडी माका दी, माझी आग तू घे." विचारणारा गप्प आत जायचा आणि पुढे कधी विचारायचा नाही.

आमची चाळ होती तेव्हा तिला गॅलरी होती. चाळ पाडून लालबागेत टॉवर उभा राहिला, घरात संडास आला, लिफ्ट आली आणि काकीचा वारा गेला. चाळीत तिची खोली आमच्या खोलीला लागून, इथेही दार समोरासमोर, त्यामुळे मी तिला जन्मभर पाहत आले. खरं सांगायचं तर लहानपणी ती मला मुळीच आवडत नसे. चिडकी, तिरसट बाई. गॅलरीत आमचा चेंडू गेला तर परत मिळायचा नाही. एकदा कपबशा घासता घासता तिने एक बशी भिंतीवर फेकली होती, का ते तिलाही सांगता आलं नाही.

ती मसाला गल्लीत मिरच्या भाजायची. बायका मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन यायच्या, काकी मोठ्या कढईपाशी बसून भाजून द्यायची. ठसक्याने गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडे उभी राहायची, ही मात्र आत ढिम्म. तिच्या हाताच्या मसाल्याचा रंग पाहून तिचं नाव विचारत माणसं करी रोडहून, भायखळ्याहून यायची. ते काम तिचा जीव होतं. "मिरची करपली मगे गेला सगळा. तिचो वास बदलता तेव्हाच काढूची," असं ती शिकवायची, आणि शिकवताना तेवढी हसायची.

तिशी लागली तेव्हाच, मी लहान शाळकरी असताना, तिची गर्भाची पिशवी काढली होती. अंगावरून फार जायचं, म्हणून एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं, काढली, टाके सुटल्यावर ती पुन्हा कढईपाशी. त्यानंतर हे सुरू झालं. छातीतून आगीचा लोट उठायचा, मानेवरून डोक्यात जायचा, घामाने झंपर भिजायचा, मग काही वेळाने सगळं विझायचं. दिवसातून अनेकदा, आणि रात्री तर हमखास. घरात, शेजारी, गावी, सगळ्यांनी एकच निदान केलं. मिरचीची उष्णता अंगात शिरली. माझी आईही तेच म्हणायची. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, तळपायाला कांदा चोळून झाला. शेवटी नवऱ्याने तिचं काम सोडवलं. काकी घरी बसली. आग होती तिथेच राहिली.

"कढई सोडलंय, तरी चूल आतच रवली," ती म्हणायची. आम्ही हसायचो. तिच्या बोलण्याला हसायची आम्हाला सवयच लागली होती.

मग माझी पाळी गेली. फोर्टातल्या ऑफिसात, साहेबांसमोर उभी असताना, माझ्या छातीतून तो लोट उठला आणि मला एकदम काकीची मान दिसली. मी दादरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासण्या करून हार्मोनचं औषध दिलं. थोड्या दिवसांत मला झोप लागायला लागली. काकीच्या नजरेतून काय सुटतं? लिफ्टसमोर तिने मला धरलं. "तुझो घाम खय गेलो गो? काय खातस ता सांग." मी सांगितलं. पंचा पिळत ती म्हणाली, "माका घेवन चल."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सोनोग्राफी करायला सांगितली. तीत दिसलं, पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढलेले होते. शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात बंद पडलं होतं, ही आग त्याची, मिरचीचा यात काही संबंध नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "म्हणजे मी कढई उगाच सोडलंय?" तिने विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपल्या पोटातून काय काढलं हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिला काय सांगायचं?

बाईंनी आधी हार्मोन नसलेल्या साध्या गोळ्या दिल्या, त्यांनी काकीला गरगरायला लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्पष्ट सांगितलं. "काकी, तुम्ही तेव्हाच आला असता तर मी हार्मोनचं औषध लगेच दिलं असतं. आता वय सदुसष्ट, त्यात बीपी. इतक्या वर्षांनी सुरू केलं तर रक्ताची गाठ होण्याची, मेंदूला झटका येण्याची भीती वाढते. त्वचेला लावायचं जेल गोळीपेक्षा बरं, पण त्यातही धोका नाही असं मी म्हणणार नाही. घरच्यांशी बोला, मग ठरवू."

"माका उशीर झालो," काकी म्हणाली.

"हो."

"माका कोणी सांगूकच नाय."

काकीचा नवरा केव्हाच गेला होता. घरी मुलगा, दिनेश, भडकला. "मंजूताई, हे काय नवीन? या वयात आईला हार्मोन? लोक म्हणतील म्हातारी तरुण व्हायला निघाली." सून सरिता स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिला सासूच्या ओल्या पंच्यांचा, भिजलेल्या उशांचा, मध्येच उघडलेल्या खिडक्यांचा जन्माचा वीट आला होता. काकीने दिनेशला समोर बसवलं. "तरुण कित्याक होऊ? माका मराची भीती नाय, माका झोप व्हयी. एक म्हयनो नीट झोपान तरी मरांदे." दिनेश उठून निघून गेला. काकीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सुरू करा.

पुढचे काही महिने मी माझ्या आयुष्यात जपून ठेवले आहेत. काकी सकाळी अंघोळ करून दंडाला जेल लावायची आणि ते सुकेपर्यंत देवासमोर बसल्यासारखी हात लांब धरून बसायची. पंचा दोरीवर वाळू लागला. लिफ्टसमोरची खुर्ची रिकामी दिसू लागली आणि लोक मलाच विचारू लागले, आजी बऱ्या आहेत ना? आजी दुपारी घोरत होत्या. झोपलेली काकी ही एक वेगळीच बाई निघाली. नकला करायची, शेजारच्या पोरांना लाडू द्यायची, सरिताला बाळ म्हणायची. आम्ही जिला इतकी वर्षं तिरसट म्हणत आलो, ती फक्त न झोपलेली बाई होती. हे कळल्यावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला ती स्वतः मसाला गल्लीत गेली, मला बरोबर घेऊन. कढईपाशी बसलेल्या बाईला तिने उठवलं आणि आमच्या मिरच्या स्वतः भाजल्या. चेहरा घामाने निथळत होता. "ह्यो घाम कढईचो हा," ती मला म्हणाली. मी इतकं खूश तिला कधी पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता, सकाळी लसूण सोलताना तिच्या हातातली सुरी पडली. हात उचलेना. हॉस्पिटलातून परत आली ती उजवी बाजू आणि वाचा गमावून. जेल अर्थातच बंद झालं. त्यामुळेच झालं का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "असू शकेल. बीपीमुळेही असेल. नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. दिनेशला मात्र नक्की ठाऊक होतं. "तुम्ही नेलंत तिला," दारातच तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. मी भांडले नाही. काकी स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या अकलेने आली होती, हे सांगायची ती वेळ नव्हती.

गावाहून आलेल्या दिनेशच्या आत्याने सांगितलं, अंगावरून वारं गेलेल्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही. झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, काकीला स्वेटर, कानटोपी, वर घोंगडी. दार उघडं असलं की मला समोरून दिसायचं. थोड्या थोड्या वेळाने तिचा चेहरा लालबुंद व्हायचा आणि डावा हात मानेकडे जायचा. डाव्या पायाने ती घोंगडी लाथाडायची. सरिता परत पांघरूण घालून म्हणायची, "आई, हट्ट नका करू." मी दिनेशला विनवलं, अरे, ती आग परत आलीय, पंखा लाव. तो म्हणाला, "आता तुमचे उपाय पुरे." दार लागलं. दोन दारांच्या मध्ये फक्त लिफ्ट, आणि मी काही करू शकत नव्हते. काकी आत जिवंत भाजली जात होती.

एका दुपारी मी बाहेरून आले तर लिफ्टसमोरच्या खुर्चीवर सरिता बसली होती. ओढणी मांडीवर, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. मला पाहून ती घाबरून म्हणाली, "ताई, हे काय होतंय मला? आतून पेटल्यासारखं. परवापण झालं. हार्ट अॅटॅक तर नाही ना?" ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले, पाठीवर हात ठेवला, आणि तो लोट ओसरेपर्यंत थांबले. मग तिला सांगितलं.

तिने बंद दाराकडे पाहिलं. "आईंना हेच व्हायचं? रोज?"

"रोज. आत्ताही होतंय."

सरिता उठली. दार सताड उघडं टाकून आत गेली. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिने काकीची कानटोपी ओढून काढली, स्वेटर काढला, खिडकी उघडली, पंखा लावला. आत्या ओरडली, दिनेश धावत आला. "तुम्ही बसा," सरिता त्याला म्हणाली, त्या सुरात तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. दोरीवरचा पंचा तिने नळाखाली धरला, पिळला आणि सासूच्या मानेवर ठेवला. काकीने डोळे मिटले. डाव्या हाताने तिने सरिताचं मनगट धरलं ते झोप लागली तरी सोडलं नाही.

त्यानंतर काकी फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा पंखा चालू होता.

तेराव्याचं जेवण आटोपून लोक पांगले. मी माझ्या दाराची कडी काढत होते, तेव्हा मागून सरिताचा आवाज आला.

"ताई, त्या दादरच्या बाईंकडे मला न्याल?"

दिनेश तिच्या मागे दारात उभा होता, मुंडण केलेलं डोकं, हातात उष्ट्या पत्रावळींची पिशवी. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मला उशीर नाही ना झाला?" सरिताने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तू वेळेत विचारलंस."

दिनेशने पिशवी खाली ठेवली. आईची खुर्ची अजून तिथेच होती, तिच्यावर तो बसला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडला.