इस्त्री बिल्डिंगचा तिसरा मजला

"अगं ती बघ, अजून रस्त्याकडेच कपडे वाळत घालतेय. दंड होईल एक दिवस."

"घालू दे गं. मागच्या बाजूला ऊन कुठे येतं त्यांच्याकडे?"

माझ्या पाठीमागून दोन बायका बोलत गेल्या. शारजात रस्त्यावर मराठी कानावर आलं की माझी आई लगेच वळून "कुठल्या तुम्ही?" असं विचारते. मी वळत नाही. फोन वर धरून तशीच उभी राहिले. त्यांच्याबरोबरची छोटी मुलगी मात्र थांबली.

"मम्मा, व्हेअर? देअर्स नो वन."

"यल्ला, चल. ऊन लागतंय."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खिडकीत एक बाई होती.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव आई मला वाचून दाखवते आणि मी दर वेळी म्हणते, आई प्लीज, याला काहीतरी कारण असणारच. आजही मला तसंच म्हणायचंय... पण कारण सापडत नाही. म्हणून हे लिहितेय.

आम्ही शारजातच, अल नहदाला राहतो. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ज्युनिअर आहे. जुनी इमारत पाडायच्या आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवतात. ते काम मी मागून घेते, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. ही इमारत जुन्या शारजात, दोन रस्ते तिरके येऊन मिळतात त्या कोपऱ्यावर होती. मागे रुंद, पुढे निमुळती होत होत टोकाला जेमतेम एका खिडकीएवढी. सगळे तिला इस्त्री बिल्डिंगच म्हणायचे.

खिडकीतल्या बाईनं हिरवा गाऊन घातला होता. ती एक छोटा पिवळा फ्रॉक पिळत होती. तो तिनं तारेवर झटकून टाकला, खाली माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. लहानपणापासून आईनं बजावलंय - इथे कुणाच्या घरावर कॅमेरा धरायचा नाही, बायकांवर तर नाहीच. पण फोटो निघून गेला होता. मी तो मोठा करून पाहिला. त्यात ती होती, पाठमोरी. मी तो लगेच डिलीट केला.

तेवढ्यात सलीमचाचा आले. इमारत पाडणाऱ्या कंपनीचे सुपरवायझर, रत्नागिरीकडचे. मी त्यांच्याशी जेवढं कमी बोलते तेवढे ते मला जास्त चिडवतात.

"काय गो, झाले फोटो? का बिल्डिंग पण तुझ्यासारखी लाजतेय?"

"चाचा, सगळे गेले ना इथले?"

"कधीच खलास. लाइट तोडली, पाणी तोडलं. कबुतरं सोडली तर कोण नाय. उद्या सकाळी मशीन लावतो, इन्शाल्ला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? फोटो तर मीच पुसला होता. शिवाय चाचांनी स्वतः इमारत तपासली होती, आणि मी ज्युनिअर...

घरी येऊन मी डिलीट झालेल्या फोटोंच्या फोल्डरमधून तो फोटो परत आणला. तीच खिडकी, तोच प्रकाश. बाई नव्हती. तार नव्हती. खिडकी बंद होती आणि काचेवर धूळ होती. मला हायसं वाटायला हवं होतं ना? उलट जेवण गेलं नाही. फोटोचं एक वेळ सोडा, पण त्या दोघींनी तिला पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्या तिला ओळखत होत्या!

सकाळी मी साइटवर गेले. पत्र्याचं कुंपण लागलं होतं, मशीन टोकाकडे तोंड करून उभं होतं. वर खिडकी बंद. कुणी दिसत नव्हतं. ऑपरेटर चढला, इंजिन सुरू झालं. आणि मी ओरडले, "थांबा! आत बाई आहे!"

इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सकाळी सकाळी मस्करी करतेस गो?" चाचा म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांनी मशीन बंद करायला लावलं. "चल. दाखव कुठे हाय तुझी बाई."

आम्ही एकेक खोली पाहिली. बाथरूम, भिंतीतली कपाटं, गच्ची, पाण्याच्या टाक्यासुद्धा. कुणीही नव्हतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. ती पुढे इतकी अरुंद होत गेली होती की खिडकीशी दोघांनी शेजारी उभं राहणं शक्य नव्हतं. काच चौकटीत पक्की बसवलेली. ती खिडकी उघडणारी नव्हतीच. बाहेर तार नाही, तारेसाठी खिळासुद्धा नाही.

खोलीभर धूळ होती, त्यात फक्त आमच्या पावलांचे ठसे. पण खिडकीखाली, फरशीवर, एका रेषेत पाण्याचे थेंब पडले होते. ओले. बाहेर ऊन असं की पाणी सांडेपर्यंत सुकतं.

"एसीचं असंल," चाचा म्हणाले. मग एसी काढून नेलेल्या भिंतीतल्या रिकाम्या भोकाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी वाकून थेंबाला बोट लावलं, नाकाशी नेलं.

"साबण," ते म्हणाले. नंतर तोंडातल्या तोंडात कसलीशी दुआ पुटपुटले, ती मस्करी नव्हती.

"'थांबा' तू म्हटलंस," ते म्हणाले. "आता 'चालू करा' पण तूच सांग. मी नाय सांगणार."

"माणूस कुणी नाहीये ना आत?"

"तू पाहिलंस की सगळं."

"मग... चालू करा. पण मी खाली आल्यावरच. तुम्ही उतरा पुढे. मी आले."

आता तिथे पार्किंग आहे. समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब असेल म्हणावं, तर समोर शाळेची कोरी भिंत आहे. त्या दोघी भेटतील म्हणून मी दुपारची त्या रस्त्यावर पुष्कळदा उभी राहिले, मराठी बोलणाऱ्या बायकांना स्वतःहून विचारलंसुद्धा. कुणालाच काही माहीत नाही. मलाही नाही.

आईला हे सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. चाचांची पावलं जिन्यात खाली गेल्यावर मी त्या रिकाम्या खोलीत वळले. अनोळखी माणसाशी बोलताना माझ्या तोंडून आधी इंग्लिश येतं. तेव्हा मराठी आलं.

"ताई, तुमचं सावकाश आवरा. मी जिन्यात थांबलेय."